थोपटणारी लंकामावशी

आमच्या दवाखान्यात अजूनही एखादी बाई लेकरू खांद्यावर टाकून येते आणि केसपेपर काढायच्या आधी मला विचारते, "सिस्टर, ती थोपटणारी मावशी कुठाय?" मी सांगते, नाही. "म्हंजी सुट्टीवर?" नाही, सोडलं तिनं. "आवो पन का?" आता ते मला विचारू नका, नंबर लावा आणि गुमान बाकावर बसा. असं खेकसलं की त्या गप होतात. माझं तोंड फाटकं आहे हे आळेफाट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी फार मनावर घेत नाही. पण राग त्या बायांचा नसतो हो. राग माझा मलाच येतो, आणि तो काढायला समोर कुणीतरी लागतं.

लंकाबाई थोपटणारी मावशी झाली ती माझ्या एका वाक्यामुळे. तेरा वर्षं ती सासूच्या दारात उभी राहिली नाही, तेही त्याच वाक्यामुळे. म्हणून आधी ते वाक्यच सांगते. लपवून ठेवलं तर पुढचं काही सांगायला मला तोंड नाही.

१९९३ चा जानेवारी. मी पिंपळवंडीची. नर्सिंगचा कोर्स करून या बारा खाटांच्या मुलांच्या दवाखान्यात नुकतीच लागले होते. वय चोवीस, आणि जगातली सगळी अक्कल आपल्याच पदरात पडली आहे असं वाटण्याचे दिवस. त्या साली थंडी मरणाची पडली होती. तशा थंडीत तान्ही बाळं धापा टाकत यायची. दोन दिवस नुसती सर्दी, मग खोकला, मग छाती सूं सूं वाजते, बरगड्या आत ओढल्या जातात, दूध ओढायलासुद्धा दम पुरत नाही. डॉक्टर त्याला ब्राँकिओलायटिस म्हणतात. गावाकडे म्हणतात, पोराचं पोट उडतंय.

त्याच्या आदल्या महिन्यात पुण्याहून एक फिजिओथेरपिस्ट येऊन आम्हाला शिकवून गेले होते. बाळाला मांडीवर पालथं घ्यायचं, डोकं जरा खाली करायचं, हाताची ओंजळ करून पाठीवर, बरगड्यांवर थोपटायचं. आतला कफ सुटतो, तो नळीने ओढून घ्यायचा. आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही ते पसंत पडलं. मला तर इतकं पटलं की समोर येईल त्या बाळाला मी पालथं घालत होते.

तर एक दिवस सकाळी साडेअकराच्या सुमाराला लंका आली. निरगुडसरच्या पुढे धनगरांची वस्ती आहे, तिथली. एकवीस-बावीस वर्षांची असेल. पदराखाली तीन महिन्यांची पोर, मागे सासू म्हाळसाबाई, खांद्यावर घोंगडं. घरातले पुरुष, म्हणजे नवरा दादाभाऊ आणि सासरा नवसू, मेंढरं घेऊन माळशेज घाटाने खाली कोकणात गेलेले. पोर माहेरी जन्मली त्याच आठवड्यात मेंढरं निघाली, त्यामुळे बापाने तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. बाप आल्यावर बारसं करू म्हणून नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. केसपेपरवर मी लिहिलं, 'बेबी ऑफ लंका'.

पोरीचे ओठ निळे पडले होते. श्वास इतका भराभर चालला होता की मला मोजता येईना. मोठे डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. मी थोपटायला घेणार तेवढ्यात डॉक्टरांनी हाताने मला बाजूला केलं. तासाभरात सगळं संपलं.

लंकाने जो हंबरडा फोडला तो मला सहन होईना. मी नवखी होते, माझ्या हातावर गेलेलं ते पहिलं बाळ. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी चिडले. दारात म्हाळसाबाई उभी होती, तिच्याकडे वळून म्हणाले, "काय हो आजी? एवढी मेंढरं सांभाळता, कोकराची छाती चोंदली तर थोपटून मोकळी करता ना? मग नातीची नाही करता आली? थोपटली असती तर पोर वाचली असती!"

बोलून मोकळी झाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई उगाच नाही म्हणायची.

म्हाळसाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. एक अक्षर बोलली नाही. लंकाचं रडणं मात्र गपकन थांबलं आणि ती सासूकडे बघत राहिली. दादाभाऊ नेमका त्याच दिवशी मेंढरं बापाच्या हवाली करून लेक बघायला वस्तीवर आला होता. घराला कडी बघून विचारत विचारत तो संध्याकाळी आमच्याकडे पोचला. लेकीचं तोंड त्याने आमच्या व्हरांड्यात पाहिलं, कापडात गुंडाळलेलं.

दीड महिन्याने लंका परत आली. एकटीच. मी ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. म्हणाली, "सिस्टर, मला ते थोपटायचं शिकवा." मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, "म्हातारी कोकराला पाय धरून उलटं करती, नाकाला तोंड लावून चीक वढती, अंग चोळून चोळून जितं करती. सोताच्या डोळ्यानं बघितलंय मी. आन माझ्या लेकीला हात लावला न्हाई तिनं. तुमी सांगितलं म्हनून मला कळलं, न्हाईतर मी देवालाच शिव्या देत बसले असते." घर सोडूनच आली होती ती. आणि खरं सांगू का? त्या वेळी मला बरं वाटलं. आपण कुणाचे तरी डोळे उघडले म्हणून बरं वाटलं. कपाळ माझं!

मोठ्या डॉक्टरांना आयाबाई हवीच होती. लंका राहिली. महिन्याभरात ती जे थोपटायला शिकली ते आम्हा कोर्स केलेल्यांना जमलं नाही. बांगड्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधायची, बाळाला लागू नयेत म्हणून. तळहात शेगडीवर धरून ऊन करायची. मग बाळाला मांडीवर पालथं घेऊन खालून वर, खालून वर, एका लयीत. "पोकळ आवाज आला पायजे," ती नव्या नर्सना दटावायची. "चापट वाजली की चुकलं. लेकराला मारायचं न्हाई, उठवायचं." आणि बाळाशी बोलत राहायची, "सोड गं बाय, सोड. इतकं धरून ठिवू न्हाई." पोर खोकलायचं, फेस बाहेर यायचा, लंका तो पदराने पुसायची आणि पोराच्या आईकडे बघून हसायची. दिवसभरात तिचं हसणं तेवढंच.

बघता बघता तिचं नाव झालं. ओतूर, बेल्हे, बोटा, पार संगमनेरच्या अलीकडून बाया यायच्या. डॉक्टर असोत नसोत, थोपटणारी मावशी आहे ना, एवढं विचारायच्या. बरं झालेलं पोर घेऊन पाया पडायला यायच्या, नारळ आणायच्या. मोठे डॉक्टर हसून म्हणायचे, दवाखान्याची पाटी बदलून लंकाच्या नावाची लावतो. मला तर ती देवासारखी मानायची. सकाळी येताना माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा आणायची. म्हणायची, "तुमच्या एका शब्दानं मला वाट घावली, सिस्टर." मी ते ऐकून घ्यायचे आणि भाकरी खायचे.

दादाभाऊ बिचारा मधल्यामधे चेचला गेला. तीन-चार वेळा न्यायला आला. लंकाची एकच अट, म्हातारी ज्या घरात आहे त्या घरात पाय ठेवणार नाही. शेवटी तोच मेंढरं बापावर टाकून आळेफाट्याला आला, एका ट्रकच्या गॅरेजवर राखणीला लागला. दोघांनी खोली घेतली. महिन्यातून एकदा तो आईला भेटून यायचा, आणि तो आला की लंका त्याला काही विचारायची नाही. दोघं एकमेकांना फार जपायची, पण त्या पोरीचा विषय त्या खोलीत कधी निघाला नाही.

९६ साली लंकाला मुलगी झाली, प्रांजल. आमच्या शेजारच्याच बाळंतपणाच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर येते तर बाहेरच्या बाकावर म्हाळसाबाई बसलेली. मांडीवर पिशवी. पहाटेची गाडी पकडून आली होती. मी आत जाऊन लंकाला सांगितलं. लंका म्हणाली, "तिला म्हनावं, माघारी जा." मी म्हटलं, अगं एवढ्या लांबून आलीय, नात तरी बघू दे. तर उसळलीच. "एकीला बघितलं ना तिनं? बघतच बसली व्हती. हिला हात लावायचा न्हाई तिनं, सावलीसुदिक पडू देनार न्हाई!"

म्हातारी संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून होती. मी दोनदा चहा नेऊन दिला. दुसऱ्यांदा मला म्हणाली, "आयवर गेलीय का दादूवर?" मी म्हटलं, नाक तुमच्यासारखं आहे आजी. तशी तिने नाकाला हात लावला. मग पिशवी माझ्याजवळ दिली आणि गेली. पिशवीत अळिवाचे लाडू होते. लंकाने त्याकडे बघितलंही नाही, मग आम्ही स्टाफनेच खाल्ले. मीही दोन खाल्ले. आज लाज वाटते.

सासरा नवसू वारला तेव्हा लंका दहाव्याला गेली, लांब उभी राहिली आणि पाणीही न पिता परत आली. प्रांजलला नेलं नाही. पोर चालायला लागली, शाळेत जायला लागली. तिला वाटायचं, आपल्याला आजीच नाही.

अशी तेरा वर्षं. मोजून तेरा.

२००५ च्या दिवाळीत मोठ्या डॉक्टरांची सून आमच्याकडे बसायला लागली. डॉक्टर हर्षाली. मुलांची तज्ज्ञ, हुशार, आणि वागायला एकदम साधी. डिसेंबर लागला तशी धापेची बाळं यायला लागली आणि मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "या आजारात थोपटणं आजपासून बंद."

लंका कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "का म्हनून?"

मॅडमनी तिला शेजारी बसवलं. म्हणाल्या, "मावशी, या आजारात कफ नुसता साठलेला नसतो. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या बारीक नळ्या आतून सुजलेल्या असतात. बाहेरून थोपटून सूज उतरत नाही. उलट दमलेलं बाळ आणखी दमतं. बाहेरच्या देशांत डॉक्टरांनी मोजून पाहिलंय. काही बाळांना थोपटलं, काहींना नाही. दोन्हीकडची सारख्याच दिवसांत बरी झाली. दुसरे आजार असतात, तिथे थोपटावं लागतं, तेव्हा मी तुम्हालाच बोलावीन. पण यात नाही."

"मंग माझ्या हातानं येवढी बरी झाली ती?"

"ती बरी होणारच होती मावशी. बहुतेक बाळं आठवड्याभरात आपोआप बरी होतात. नाक साफ ठेवायचं, थोडं थोडं दूध पाजायचं. फारच दमलं तर ऑक्सिजन, आणि तो वेळेवर मिळायला हवा."

मी तिथेच ट्रे पुसत होते. माझे हात थांबले. मला कळलं, आता ती काय विचारणार. आणि तिने विचारलंच.

"माझी पोर अशानंच गेली. तिला कोनी थोपटली असती तर?"

मॅडमना मागचं काय माहीत! त्यांनी सरळ सांगितलं, "थोपटून नसती वाचली. किती दिवसांनी आणली होती?"

"तिसऱ्या दिवशी."

"एक दिवस आधी आली असती तर ऑक्सिजनवर कदाचित निभावली असती. पण मावशी, तेव्हा गावाकडे कुणाला कळणार होतं? तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

लंकाने मान हलवली, उठली आणि फरशी पुसायला गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. तेरा वर्षं एका म्हातारीच्या माथी मी खून मारला होता, आणि तो खराही नव्हता.

चार दिवस लंका मुकी होती. भाकरी आणत होती, पण बोलत नव्हती. मला वाटलं, सासूशी एवढी वर्षं वाकडं धरलं म्हणून तिचा जीव खातोय. पाचव्या दिवशी मीच तिचा हात धरला आणि म्हटलं, "लंका, मला जोड्याने मार. ते वाक्य माझं होतं."

ती म्हणाली, "तुमाला तरी काय म्हाईत व्हतं, सिस्टर." मग म्हणाली, "रविवारी माझ्यासंगं चला. म्हातारीच्या पायावर डोकं ठिवायचंय. तिला तुमीच सांगा, मला सांगता येनार न्हाई."

दादाभाऊची गॅरेजवर पाळी होती. आम्ही दोघी आणि नऊ वर्षांची प्रांजल, अशा निघालो. मंचरला उतरून लंकाने सासूसाठी हिरवं लुगडं घेतलं. तिथून वडापची जीप. प्रांजल सारखी विचारत होती, "खरीच आजी? बाबांची आई?" आणि लंका खिडकीतून बाहेर बघत होती.

म्हाळसाबाई अंगणात उन्हाला बसून हुलगे निवडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आधी तिला कोण आलंय ते कळेना. लंका म्हणाली, "आत्या, मी हाय." म्हातारीच्या हातातलं सूप कललं. मग तिला प्रांजल दिसली. तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, लंकाकडे बघत. परवानगी मागत होती हो! स्वतःच्या नातीला हात लावायची. लंकाने प्रांजलला पुढे केलं, तेव्हा कुठे म्हातारीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या सगळ्या तोंडावरून बोटं फिरवली.

मी म्हटलं, आता वेळ घालवायला नको. म्हातारीपुढे बसले. "आजी, मला ओळखलंत? मी दवाखान्यातली. त्या दिवशी तुम्हाला टाकून बोलले होते, ते सगळं चूक होतं. आता मोठमोठ्या डॉक्टरांना कळलंय. त्या आजारात थोपटून काही होत नाही. तुम्ही थोपटली असती तरी पोर वाचली नसती. तुमचा काहीएक दोष नव्हता. मला माफ करा."

मला वाटलं, म्हातारी रडेल. नाहीतर मला शिव्या देईल, आणि त्या मी खायला तयार होते. पण तिचा चेहरा उतरला. घाबरली ती. प्रांजलला म्हणाली, "जा बाय, मागल्या वाड्यात दोन कोकरं हायती, बघून ये." पोर पळाली. मग मला हळूच विचारलं, "हिला सांगितलं हे?"

"हो. म्हणून तर आलीय ती."

"कशाला सांगितलंत वो? कशाला सांगितलंत?" तिने कपाळावर हात मारला. "येवढी वर्सं निभावलं व्हतं मी!"

मला काही समजेना. लंका उंबऱ्याजवळ खाली बसली होती. म्हातारी तिला म्हणाली, "थोपटली व्हती मी तिला. तू पान्याला गेलीस तवा. कोकराला करते ते समदं केलं. नाक वढलं, पाठ चोळली, उलटी धरली. काय झालं न्हाई."

"मंग सांगितलं का न्हाई, आत्या?" लंकाचा आवाज फाटला. "मी तुमाला तोंडाला येईल ते बोलले. नातीला हात लावू दिला न्हाई. येकदा म्हनायचं व्हतं, थोपटली म्हनून!"

"म्हनले असते, तर तू इचारलं असतंस, मंग पोर कशानं जगली असती."

लंका खाली बघत, अगदी हळू बोलली. "आदल्या दिवशी आनली असती तर. मॅडमनी सांगितलं मला. आदल्या दिवशी गेणभाऊचा टेंपो दारात उभा व्हता, सिस्टर. त्यो तरकारी घेऊन कल्याणला जातो, त्यानंच ह्यांचा निरोप आनला व्हता, की उद्या लेक बघाया येतोय. आत्या म्हनल्या, पोराचं लक्शान बरं न्हाई, आत्ता ह्याच टेंपोत घालून नेऊ. जाऊन बसल्या बी. मी त्यांना खाली उतरवलं. म्हनले, त्ये उद्या येत्यात, त्येंनी लेकीचं तोंड बघितलं न्हाई अजून, त्ये आल्यावर तिघं मिळून जाऊ. मी पोरीला न्हाऊ घातलं. काजळ घातलं. त्येंच्यासाठी."

चार दिवस ती कशाने मुकी होती ते मला आत्ता कळत होतं. तेरा वर्षं माझं वाक्य तिने पोटाशी धरलं ते का, तेही कळलं. ते वाक्य काढून घेतलं की खाली एवढं एकच उरत होतं, आणि मॅडमच्या मागोमाग आज मीही ते काढून घेतलं होतं.

"मीच थांबवलं ना, आत्या?"

"न्हाई." म्हातारी ताठ झाली. "मीच थांबवलं. मीच म्हनले, उद्या जाऊ."

"आत्या, खोटं बोलू नका. तुमी टेंपोत बसला व्हता."

"तुला आठवत न्हाई. तू वली बाळंतीन, तुझं डोकं ठिकान्यावर न्हवतं. मी थांबवलं. दादूला बी मी तेच सांगितलंय. त्याची वाट बघताना पोर गेली हे त्याला कळलं तर त्यो जगंल का? मीच थांबवलं, म्हातारीला अक्कल न्हवती, म्हातारी नडली. आता तेच खरं."

लंकाने तिचे पाय धरले आणि जी ओरडली, ते ओरडणं मी एकदाच आधी ऐकलं होतं, आमच्या दवाखान्यात. मागच्या वाड्यातून प्रांजल धावत आली आणि दाराशी थबकली. आईला असं तिने कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीने सुनेचं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि तिच्यावरून माझ्याकडे पाहिलं. दिसत किती होतं तिला कोण जाणे, पण नजर माझ्यावरच होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमी सांगा हिला, म्हातारीनंच थांबवलं म्हनून. तवा तुमचं ऐकलं व्हतं हिनं. आता बी ऐकल. सांगा की वो!"

तेव्हा कोणी विचारलं नसताना मी फाडकन बोलले होते. आता ती हात जोडून मागत होती, आणि माझं हे फाटकं तोंड उघडेना.